आधी बाग, मग पाहुणे

सँटोरिनी बेटावर द्राक्षाची वेल मांडवावर चढत नाही. तिथला वारा तिला मान वर काढू देत नाही. म्हणून बागवान वर्षानुवर्षे तिच्या फांद्या एकमेकींत गुंफत जातो आणि जमिनीलगत टोपली तयार करतो. ग्रीक लोक तिला कुलुरा म्हणतात. घड टोपलीच्या आत, वाऱ्याउन्हापासून लपून पिकतात. पाऊस अगदी बेताचा. समुद्रावरून येणारे दमट धुके ज्वालामुखीची सच्छिद्र माती पिऊन घेते आणि त्या ओलीवर वेल जगते. एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या बागा उजाड करणारी फायलोक्सेरा ही कीड या मातीत टिकली नाही. त्यामुळे जगात बहुतेक ठिकाणी वेली अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या असताना इथल्या मात्र स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. असिर्टिको नावाच्या इथल्या द्राक्षाची करकरीत, किंचित खारट वाटणारी पांढरी वाइन चाखायला जगभरातून माणसे येतात.

माणसे येतात, आणि बागा आक्रसत जातात. समुद्र दिसणारी प्रत्येक बाग ही हॉटेलची जागाही असते. टोपल्या विणणारे हात मिळेनासे होतात, कारण हॉटेलात मजुरी बरी मिळते आणि कंबरही मोडत नाही. ज्या वेली बघायला पाहुणा आला, त्यांच्याच जागी बांधलेल्या खोलीत तो उतरतो आणि खिडकीतून उरलेल्या वेलींचे फोटो काढतो.

वायनरीत पाहुणे आले की शेतकऱ्याचे भले होते, असे सरकारे, पर्यटन खाती आणि प्रवासाची मासिके एका सुरात सांगतात. भले होते, हे काही ठिकाणी खरेही आहे. पण ते आपोआप होत नाही. माझे म्हणणे असे, की वाइन पर्यटनाला सरकारने जरूर हात द्यावा, मात्र ती मदत आणि ती परवानगी बागेच्या एकरांना बांधलेली असावी. बागेपेक्षा पाहुणे मोठे होऊ लागले, की कायद्याने दार थोडे ओढून घ्यावे.

हे लिहिणारा माणूस वाइनवर नाक मुरडणारा नाही. वाइन जिथे होते तिथे जाऊन ती पिण्यात जी मजा आहे, ती घरी बसून कितीही भारी बाटली उघडली तरी येत नाही, असे माझे मत आहे. काही वाइन तर घर सोडतच नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये होणाऱ्या वाइनपैकी देशाबाहेर जाते ती जेमतेम शेकड्याला एक-दोन लिटर. बाकीची तिथलेच लोक पिऊन टाकतात. शास्ला या द्राक्षाची त्यांची हलकी, लाजरी पांढरी वाइन प्यायची तर तिथेच गेले पाहिजे. जॉर्जियात वाइन क्वेव्रीत होते. क्वेव्री म्हणजे मातीचा अजस्र रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. रस, साले, बिया, कधी देठही, सगळे त्यातच आंबते. त्या देशात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाइनचे अंश सापडले आहेत आणि २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्रीची पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. पण तळघरात गेल्यावर दिसते काय, तर जमिनीत गोल झाकणे. वाइन तुमच्या पायाखाली असते. झाकण उचलले की जो वास येतो, तो कुठल्या लेबलवर छापता येत नाही. हंगेरीतल्या टोकायच्या तळघरांत भिंतींवर काळी, मखमलीसारखी बुरशी चढलेली असते. ती हवेतल्या मद्यार्काच्या वाफेवर जगते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, इथे झाडलोट करत नाहीत. बुरशी नसती तरच मालकाला काळजी वाटली असती.

तेव्हा जावे की जाऊ नये, हा वाद नाहीच. प्रश्न येतो तो गर्दीचा आणि जमिनीचा.

जिनिव्हा सरोवराच्या काठी लाव्होच्या उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षबागा चढत गेल्या आहेत. अकराव्या-बाराव्या शतकात मठातल्या साधूंनी हे काम सुरू केले, असे मानतात. विसाव्या शतकात त्या उतारांवर बंगले चढू लागले. १९७७ मध्ये व्हो कँटनच्या, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या त्या प्रांताच्या, मतदारांपुढे प्रस्ताव आला, की लाव्होत बांधकाम रोखावे. मतदारांनी तो मंजूर केला. बागवानांनी तक्रार केली की आमच्या जमिनीची किंमत तुम्ही मत टाकून कमी केलीत. तक्रार खोटी नव्हती. पण तीस वर्षांनी, २००७ मध्ये, युनेस्कोने हा उतार जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, तेव्हा स्वीकारण्यासारखे काही शिल्लक होते ते त्या मतदानामुळे. पुढे २०१४ मध्ये आणखी कडक निर्बंधांचा प्रस्ताव आला. तो मात्र त्याच कँटनने नाकारला आणि सरकारने मांडलेला सौम्य पर्याय घेतला. मला या गोष्टीतला हा दुसरा भाग जास्त आवडतो. निर्बंध हवेत म्हणणारी माणसे कुठे थांबायचे तेही जाणत होती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नापाची गोष्ट जास्त खटकेबाज आहे. १९६८ मध्ये नापा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, शेतजमीन राखून ठेवण्याचा नियम केला. खोऱ्यात घर बांधायचे तर किमान २० एकरांचा तुकडा हवा. पुढे ही मर्यादा ४० एकरांवर नेली. तेव्हा नापाच्या वाइनला आजचे नाव नव्हते. पॅरिसमधली ती प्रसिद्ध चाचणी, जिच्यात फ्रेंच परीक्षकांनी नकळत कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला क्रमांक दिला, ती १९७६ ची. म्हणजे नाव व्हायच्या आधी जमीन राखली गेली. क्रम उलटा असता, तर एव्हाना तिथे बंगल्यांची रांग असती. मग १९९० मध्ये त्याच काउंटीला ‘वायनरी म्हणजे काय’ याची व्याख्या करावी लागली. दुकाने, मेजवान्या, लग्ने यांच्या आडून शेती संपेल, ही भीती होती. नव्या वायनऱ्यांना दोन मोठ्या अटी घातल्या. पाहुणे येतील ते वेळ ठरवूनच, आणि द्राक्षांतला ७५ टक्के वाटा काउंटीतलाच.

यावर टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. जुन्या वायनऱ्यांना सूट मिळाली, नव्यांच्या गळ्यात अटी पडल्या. ज्यांची आधीच चलती होती त्यांची दारे उघडी राहिली. दहा-वीस एकरवाला मात्र कागदपत्रांत अडकला. निर्बंध घातले की नेहमी हे होते. आत असलेला माणूस कुंपणाचा सर्वांत मोठा समर्थक बनतो. २०२२ मध्ये काउंटीने अगदी लहान वायनऱ्यांसाठी वेगळी, सोपी वाट काढली, वर्षाला ५,००० गॅलनपर्यंत वाइन करणाऱ्यांसाठी, आणि अट अशी की बहुतेक द्राक्षे त्याच शेतातली हवीत. मला हवा तो धागा इथे सापडतो. तुझी बाग आहे, ती तू पिकवतोस, तर तुझ्या ओसरीवर चार पाहुण्यांना बसव. बाग नसेल, नुसता हॉल असेल, तर हॉलचे नियम लागू. सभागृह चालवणे वाईट नाही. पण त्याला शेतीची सवलत का म्हणून?

यावर विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जगात वाइन कमी प्यायली जाऊ लागली आहे. वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे ओआयव्हीच्या, अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे २,१४० कोटी लिटर वाइन खपली. १९६१ पासूनचा हा नीचांक आहे. २०२३ मध्ये फ्रान्सने न खपलेली वाइन गाळून तिचे औद्योगिक अल्कोहोल करण्यासाठी २० कोटी युरो बाजूला काढले. बोर्दोत तर वेली उपटायला अनुदान दिले गेले. अशा वेळी बागवान म्हणतो, की व्यापाऱ्याला घाऊक भावाने वाइन देण्यापेक्षा दारात आलेल्या पाहुण्याला चार बाटल्या विकल्या तर मधले सगळे हात वाचतात. मग तुम्ही माझा पाहुणा का अडवता? बरोबर आहे त्याचे. म्हणूनच थेट विक्रीला अडथळा असू नये, असे मी म्हणतो. बाटली विकत घेणारा पाहुणा बागेला जगवतो. पण लग्नाचा मंडप, संगीताची रात्र, तलावाकाठचे तंबू, यांतून येणारा पैसा द्राक्षाशिवायही येतो. एकदा तो मुख्य झाला, की छाटणी कशाला करायची? दर्शनी चार ओळी हिरव्या ठेवल्या तरी भागते. वाइन दुसरीकडून टँकरने आणता येते.

संकटात पर्यटनाकडे धावण्याची ही पहिली वेळही नाही. जर्मनीतला वाइन मार्ग, डॉइच वाइनश्ट्रासे, १९३५ मध्ये उघडला गेला. मोठ्या पिकानंतर फाल्ट्झ प्रांतात वाइन पडून होती, आणि त्या व्यापारात ज्यांचा मोठा वाटा होता त्या ज्यू व्यापाऱ्यांना नाझी राजवटीनेच बाजूला सारायला सुरुवात केली होती. गिऱ्हाईक आणणारी माणसे हाकलली आणि मग गिऱ्हाईक यावे म्हणून रस्ता आखून त्याला नाव दिले. सुमारे ८५ किलोमीटरचा हा रस्ता आज फार सुंदर आहे, बदामाच्या फुलांचा आणि लाकडी घरांचा. त्याच्या जन्माची ही कहाणी मात्र माहितीपत्रकात शोधावी लागते. हल्ली ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो मोटारींना बंद असतो. त्या दिवशी लोक सायकलने, पायी, मुलांना घेऊन फिरतात. आणि मोटारींवरून दुसरा, जास्त अवघड विषय निघतो.

एक साधा हिशेब करू. टेस्टिंगला एका पेल्यात ५० मिली वाइन ओततात असे धरा. एका वायनरीत पाच प्रकार, दिवसात चार वायनऱ्या. झाला की एक लिटर! म्हणजे एक पूर्ण बाटली आणि वर तिचा तिसरा हिस्सा. १३ टक्के मद्यार्क धरला तर साधारण १०० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात. ‘नुसती चव घेतली हो’ म्हणणारा माणूस संध्याकाळी याच हिशेबावर गाडीची किल्ली हातात घेतो, आणि वायनऱ्या तर अशा ठिकाणी असतात जिथे बस पोचत नाही. म्हणून वाइन पर्यटनाची परवानगी देताना पहिला प्रश्न वाहतुकीचा विचारायला हवा. पाहुणे येणार कसे आणि परत जाणार कसे? पेला ३० मिलीचा का नाही? आणि टेबलावर पिकदाणी कुठे आहे?

पिकदाणी हा शब्द वाचून काहींनी तोंड वाकडे केले असेल. वाइनच्या जाणकारांची सगळी शिस्त त्या भांड्यात आहे. दिवसाला शंभर वाइन चाखणारा माणूस चाखतो आणि थुंकतो, गिळत बसत नाही. पर्यटकाला मात्र कोणी हे शिकवत नाही, कारण गिळणारा पर्यटक जास्त बाटल्या घेतो. मी एका टेस्टिंगला पिकदाणी मागितली, तर समोरच्या मुलाने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पेल्याकडे पाहिले; वाइन बिघडली की काय, असा त्याचा चेहरा झाला. टेस्टिंगला स्वच्छ शुल्क घ्यावे, असे मला वाटते त्याचे कारणही हेच आहे. फुकट पेल्याच्या मागे न बोललेली भीड असते, की आता निदान दोन बाटल्या तरी घ्या. पैसे मोजले की अर्धा पेला ओतून टाकायला पाहुणा मोकळा.

आरोग्याबद्दल या धंद्याने फार काळ लबाडी केली. रोज एक पेला लाल वाइन हृदयाला चांगली, हे वाक्य वायनरीच्या भिंतीवर मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये साफ सांगितले, की अल्कोहोलचे कोणतेच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. वाइन आनंदासाठी प्यावी, थोडी प्यावी आणि औषध म्हणून पिऊ नये. फ्रान्ससारख्या वाइनच्या माहेरघरानेही १९९१ च्या एव्हाँ कायद्याने दारूच्या जाहिरातींना लगाम घातला. २०१६ मध्ये त्यात सवलत आली: एखाद्या प्रदेशाबद्दल, तिथल्या वारशाबद्दल आणि पर्यटनाबद्दल माहिती देणे म्हणजे जाहिरात नव्हे. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. माती, दगड, द्राक्षाची जात, माणसांचे कसब याबद्दल बोलता आलेच पाहिजे. पण वारसा हा शब्द फार लवचीक आहे. त्याच्या आडून ‘अजून एक घ्या’ म्हणता येते. माझी कसोटी अशी: माहितीतून वाइनचे नाव काढून टाकले तरी त्या गावाबद्दल काही कळते का? कळत असेल तर माहिती, नाहीतर जाहिरात.

आता प्रदेशाच्या नावाकडे. स्थानिक वाइन म्हणून पाहुणा जी पितो, ती त्या मातीतली असते का? हा वाद जुना आहे. १७१६ मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने कियांतीसकट चार प्रदेशांच्या हद्दी फर्मान काढून ठरवल्या. पोर्तुगालमध्ये दोरू खोऱ्याची हद्द १७५६ पासून आखली जाऊ लागली आणि पुढे ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले. त्यांतले काही अजून उभे आहेत. या खांबांमागेही फसवणूकच होती. कुठलीतरी वाइन दोरूची म्हणून विकली जात होती आणि लाल रंगासाठी तिच्यात एल्डरबेरी या काळसर फळाचा रस घातला जात होता. आज युरोपात संरक्षित भौगोलिक निर्देश असला तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या प्रदेशातली लागतात. मूळनामाचा वरचा दर्जा असला तर सगळीच. कागदावर चोख.

पण पर्यटनाने यात नवी गंमत आणली आहे. इटलीत प्रोसेक्को या फेसाळ वाइनचे नाव २००९ पर्यंत द्राक्षाच्या जातीचेही नाव होते. मग जातीचे नाव ग्लेरा केले गेले आणि प्रोसेक्को फक्त प्रदेशाचे उरले. प्रदेश मात्र नऊ प्रांतांवर पसरवला. कोनेग्लिआनो आणि वाल्दोब्बिआदेने यांमधल्या खड्या टेकड्या २०१९ मध्ये जागतिक वारसा झाल्या, कारण तिथे यंत्र चालत नाही, हाताने सगळे करावे लागते. जाहिरातीत फोटो असतो टेकडीचा. बाटलीत बहुतेक वेळा असते सपाट मैदानावर यंत्राने तोडलेले द्राक्ष. यात बेकायदा काही नाही. पण टेकडीवर जाऊन आलेल्या पाहुण्याने घरी परतल्यावर कोणती बाटली उचलली, यावर त्या टेकडीवरचा माणूस कोयता धरून राहील की नाही ते ठरते. म्हणून टेस्टिंगच्या टेबलावर प्रत्येक वाइनपुढे एक ओळ सक्तीने लिहिलेली असावी: द्राक्षे कुठली, किती स्वतःच्या बागेतली. हॉटेलात मासा ताजा की बर्फातला हे आपण विचारतो. इथे विचारायला का लाजतो, कळत नाही.

वायनरीतून बाहेर पडण्याची वाट नेहमी दुकानातून जाते, तेव्हा दोन शब्द तिथल्या सामानाबद्दलही. पेल्यातून ओतताना बुडबुडे काढणारी नळी, बूच ओढणारे विजेचे यंत्र, वाइन क्षणात ‘जुनी’ करणारा चुंबक, चांदीच्या साखळीतले थर्मामीटर. यातले नव्वद टक्के भेट म्हणून घेतले जाते आणि खणात जाते. बूच काढायला लागतो तो घडीचा स्क्रू, ज्याला वेटरचा मित्र म्हणतात. कार्ल वीनके या जर्मन माणसाने १८८२ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि त्यानंतर त्यात सुधारण्यासारखे फार थोडे उरले. पेल्याचेही तसेच. १९७७ मध्ये टेस्टिंगसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण पेला ठरला, २१५ मिलीचा, ट्युलिपच्या कळीसारखा. प्रत्येक द्राक्षाला वेगळा पेला ही हौस आहे, गरज नाही. आणि जड बाटली ही तर शुद्ध फुशारकी. वाइनच्या एकूण कार्बन भारात काचेची बाटली हा सगळ्यात मोठा वाटा असतो. हातात वजन लागले की वाइन भारी, हा समज ज्याने पसरवला त्याला तिचा ट्रक ढकलायला लावावे.

काही वस्तू मात्र जागेशी इतक्या जोडलेल्या असतात की त्यांना सामान म्हणवत नाही. फ्रान्सच्या जुरा भागातली व्हाँ जोन, पिवळी वाइन, पिंपात सहा वर्षे आणि तीन महिने ठेवतात आणि पिंप वरून भरत नाहीत. वाइन उडत जाते, पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पडदा धरतो, अक्रोडासारखा वास येतो. एक लिटर ठेवली तर शेवटी हाती राहते सुमारे ६२ सेंटिलिटर, म्हणून तिची बाटलीच ६२ सेंटिलिटरची असते. क्लाव्हलँ म्हणतात तिला. बुटकी, रुंद खांद्यांची. तिथल्या एका तळघरात पिंपांच्या रांगेतून जाताना पुढच्या गटाची वेळ झाली म्हणून आम्हाला घाई केली गेली. बारा जणांची मर्यादा होती, बाहेर नंतरचे बारा उभे होते. मला राग आला नाही. मी एकच क्लाव्हलँ घेतली, ती अजून उघडलेली नाही.